‘सेक्रम’ म्हणजे कुंडलिनीचं हाड? फॉरवर्डला उत्तर

फोंड्याच्या मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आता कमरेसाठी डॉक्टर नको.’ माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला डॉक्टर सेक्रम म्हणतात. फॉरवर्डचं म्हणणं: या शब्दाचा अर्थ ‘पवित्र’, तो ‘चक्र’वरून आला, तिथे कुंडलिनी असते हे आपल्या ऋषींनी रोमनांना शिकवलं, तिथलं दुखणं आणि बधिरपणा ही ती जागी होण्याची खूण, औषध घेऊ नका, जप वाढवा, हे हाड जन्मतःच अखंड असतं आणि चितेतही जळत नाही.

आधी बधिरपणाचं, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. सेक्रमच्या भोकांतून ज्या नसा बाहेर पडतात, त्यांतल्या दुसऱ्या ते चौथ्या जोडीवर लघवी आणि शौचाचा ताबा अवलंबून असतो. कमरेच्या मणक्यांतली गादी सरकून नसांचा तो जुडगा दाबला गेला, की सायकलच्या सीटला टेकतो नेमका तेवढा भाग बधिर होतो. लघवी अडते, नाहीतर नकळत होते. पायांतली ताकद जाते. याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. तातडीने ऑपरेशन करून दाब काढावा लागतो; उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा माणसाला जप वाढवायला सांगणं म्हणजे त्याचा घात करणं. मावशी, यातलं एक जरी जाणवलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जायचं. जप गाडीत कर.

आता शब्द. ‘पवित्र’ हा अर्थ खरा, तेवढं मान्य. लॅटिन ‘ओस साक्रुम’ म्हणजे पवित्र हाड. आपल्याकडच्या पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसांना विचारा, ‘साक्रु’ म्हणजे पवित्रही आणि हे हाडही. पण लॅटिन नाव हे ग्रीक ‘हिएरॉन ऑस्टेऑन’चं भाषांतर आहे. ऑस्कर शुगर या न्यूरोसर्जनने १९८७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात या नावाचा माग काढला, तो जातो इजिप्तच्या ओसायरिस देवापर्यंत. ‘चक्र’चा ग्रीक भाऊबंद ‘किक्लोस’. सेक्रमशी त्याचं काही नातं नाही. आणि सुश्रुतसंहितेत या भागाला ‘त्रिक’ हे आपलं नाव आहेच, मग उसनं कशाला?

चितेत कुठलीच हाडं पुरती जळत नाहीत, म्हणून तर अस्थी गोळा करतो. जन्मतः अखंड हेही खोटं. लहान मुलात ते पाच सुटे मणके असतात, विशीत जाऊन एकजीव होतात.