बिरीव्हमेंट म्हणजे दरोडा

बाबा गेले त्याच्या पाचव्या दिवशी ऑफिसमधून मेल आला, बिरीव्हमेंट लीव्ह, म्हणजे घरचं माणूस गेल्यावर मिळणारी रजा, तीनच दिवस, पुढचे पीएलमधून (कमावलेल्या रजेतून) जातील. राग यायला पाहिजे होता पण मी त्या शब्दालाच अडकलो. झोप तशीही येत नव्हती, बसलो रात्री शोधत.

तर बिरीव्हच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं बेरेआफियन आहे आणि त्याचा अर्थ चक्क लुटणं, लुबाडणं. रॉब त्याच कुळातला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर १६०३ मध्ये दोन्हीकडे एकच राजा येईपर्यंत गुरं पळवणाऱ्या, घरं जाळणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट होता, त्यांना रीव्हर म्हणायचे, तो शब्दही याच मुळाचा. (त्या टोळ्यांवरूनच बिरीव्ह आला असं बरेच जण ठोकून देतात, पण शब्द त्यांच्याही कितीतरी आधीचा आहे.) आधी काहीही लुबाडलं तरी हाच शब्द चालायचा, १७व्या शतकाच्या मध्यापासून तो मुख्यतः जीव, आशा, जवळची माणसं असल्या गोष्टींपुरता उरला. आणि आता तर काय, रजेच्या फॉर्ममधला एक ड्रॉपडाउन.

आता माझी गंमत सांगतो. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'क्रूर काळाने घाला घातला' लिहिलेलं असतं ना, त्याला मी आयुष्यभर हसलोय, किती तो ड्रामा म्हणून. पण घाला म्हणजे तरी काय, दरोडाच की. 'हिरावून नेलं', 'झडप घातली', सगळी भाषा लुटालुटीचीच. म्हणजे फ्लेक्सवाला आणि तो हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज एकच बोलत होते, आणि मी शहाणा सगळ्यांना 'सॉरी फॉर युअर लॉस' टाइप करत बसलो होतो. लॉस काय, तो दुकानात होतो. लॉस झाला की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं, दरोडा पडला तर माणसाला निदान बोंब तरी मारता येते. मला बोंबच मारायची होती, 'नोटेड, थँक्स' नव्हतं लिहायचं. लिहिलं अर्थात तेच.

अजून एक सापडलं. रोब, म्हणजे झगा, तोही याच घराण्यातला, कारण शत्रूच्या अंगावरून उतरवलेले कपडे ही पण लूटच असायची. आमच्याकडे उलटं झालंय, बाबांचे सहा शर्ट परवा इस्त्रीवाल्याकडून परत आलेत आणि आई कुणाला हात लावू देत नाहीये.