सहा अक्षरे

आज दुपारी माझ्या भाचीने माझ्याकडून सहा अक्षरे वाचून घेतली. संध्याकाळ उलटली तरी माझा संताप उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

भाची जन्मापासून अंध आहे आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. ती नाशिकरोडला राहते, मी गंगापूर रोडला. सिटीलिंकच्या बसने ती एकटी येते, सीबीएसला बस बदलते आणि पांढऱ्या काठीने अंदाज घेत आमचे तीन जिने चढते. आज लॅपटॉप पाठीवर टाकून आली होती, कारण परीक्षेचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. सकाळपासून तीन वेळा तिने तो घरी भरला होता. नाव, नोंदणी क्रमांक, विषयांचे कोड, सगळे स्वतः. पण शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाइप करायची होती, ज्याला कॅप्चा म्हणतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या तिच्या प्रणालीला, म्हणजे स्क्रीन रीडरला, चित्रातली ती अक्षरे वाचता येत नाहीत. आईवडील कामावर, शेजारच्या काकूंना बोलावून आणेपर्यंत दर वेळी पानाची मुदत संपली आणि भरलेले सारे पुसले गेले. "मावशी, एवढी सहा अक्षरं वाचून दे," ती म्हणाली. मी वाचली. अर्ज गेला.

अर्धे नाशिक एकटीने ओलांडून येणाऱ्या मुलीला विद्यापीठाच्या एका पानावर माझे डोळे उसने घ्यावे लागले, हे मला सहन होत नाही.

तिने मदतकेंद्राला आधी फोन केला होता. "सोबत कोणाला तरी घेऊन बसा," एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर देणाऱ्या व्यक्तीला आपण काही चुकीचे बोललो असे वाटलेही नसेल, आणि माझा खरा राग त्यावरच आहे. एकविसाव्या वर्षी कोणाला तरी सोबत घेऊन बसायचे, म्हणजे आपला पासवर्ड, आपले गुण, आपल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र दुसऱ्यासमोर उघडे करायचे. माझी भाची निदान मावशीकडे येऊ शकली. ज्यांना अशी मावशी नाही, ती मुले नेट कॅफेतल्या अनोळखी माणसाला पासवर्ड सांगतात.

कॅप्चाची अडचण निदान सर्वांच्या लक्षात येते तरी. परिपत्रकांची गोष्ट त्याहून वाईट आहे. आपल्याकडे परिपत्रक संगणकावर टाइप होते, कागदावर छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो आणि मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवला जातो. म्हणजे मूळचा वाचता येणारा मजकूर आपणच छायाचित्र करून टाकतो, आणि भाचीचा संगणक त्यापुढे गप्प बसतो. काही ठिकाणी मजकूर असतो, पण युनिकोड ही सर्व भाषांच्या अक्षरांची सामाईक संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमधला. डोळ्यांना ती स्वच्छ मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र त्याच्या मुळाशी असलेली इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे एकामागून एक उच्चारत सुटतो. परीक्षेच्या वेळापत्रकाची अशी बडबड मी तिच्या शेजारी बसून ऐकली आहे. मूळ युनिकोड मजकूर त्या स्कॅनच्या शेजारी ठेवायला किती वेळ लागतो?

तिचा स्क्रीन रीडर एनव्हीडीए आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 साली त्याचे काम सुरू केले, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि आजही ते मोफत मिळते. दोन अंध तरुणांनी आपल्या बाजूचे काम असे केले. संकेतस्थळे चालवणाऱ्या आपल्या बाजूचे काम काय, तर बटनाला नाव द्यायचे, चौकटीला लेबल लावायचे, चित्राखाली दोन ओळींचे वर्णन घालायचे. तेवढे केले नाही की तिला नुसते "बटन, बटन, बटन" ऐकू येते आणि कोणत्या बटनाने अर्ज जाईल व कोणत्याने रद्द होईल, हे कळायला मार्ग उरत नाही. हे सगळे करायचे कसे, याच्या मार्गदर्शक सूचना वेबचे मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने 1999 सालीच प्रसिद्ध केल्या. तेव्हा माझी भाची जन्मालाही आली नव्हती.

प्रश्न केवळ अंधांचा नाही. उपशीर्षके नसलेली व्याख्याने कर्णबधिर मुलांच्या उपयोगाची नाहीत, आणि ज्यांचे हात माउसवर स्थिर राहत नाहीत त्यांना सगळा अर्ज कीबोर्डवरून भरता आला पाहिजे.

कॅप्चा सुरक्षिततेसाठी लागतो आणि विद्यापीठांकडे माणसे कमी आहेत, हे मान्य. पण भाचीच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि फोन तो तिला वाचूनही दाखवतो. त्यानेच ओळख पटवली असती तर आजची फेरी पडली नसती.

कायदा नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांनी किमान 5 टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायच्या आहेत. जागा राखून ठेवायची आणि त्या जागेपर्यंत नेणारा अर्ज त्यांना भरता येऊ नये, याला काय म्हणावे? राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सेवा आणि जागा वापरता येण्यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जगण्याचा हक्क! आणि इकडे माझी भाची सहा अक्षरांसाठी दोन बस बदलते.

लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे, म्हणून एक गोष्ट कबूल करते. ती शाळेत असल्यापासून मी तिचे अर्ज वाचत आले, आणि त्याचे मला मनातून समाधान वाटायचे. आज अर्ज गेल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हटले, "पुढच्या वेळी आधीच फोन कर, मी येईन." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, तू ये ना. पण अर्जासाठी नको येऊस." तेव्हापासून ते समाधान मला नकोसे झाले आहे.

माझ्या मित्रयादीत प्राध्यापक आहेत, प्राचार्य आहेत, संगणक विभागात काम करणारेही आहेत. तुम्हा सर्वांना विनंती आहे की उद्या आपल्या संस्थेचा अर्ज उघडा, माउस बाजूला ठेवा, एनव्हीडीए चालू करा, संगणकाचा पडदा बंद करा आणि फक्त टॅब कळ दाबत शेवटच्या बटनापर्यंत जाऊन पाहा. जिथे अडाल ती जागा लिहून काढा आणि ज्यांच्याकडे संकेतस्थळाचे कंत्राट आहे त्यांच्यासमोर ठेवा. नव्या कंत्राटात ही अट आधीच घाला आणि अंध विद्यार्थ्याने स्वतः अर्ज भरून पाहिल्याशिवाय शेवटचे बिल देऊ नका.

भाची आज रात्री कुलसचिवांना पत्र लिहिणार आहे. मसुदा करून देऊ का, असे मी विचारले, तर नको म्हणाली. पत्र तिला लिहिता येते. माझ्याकडून तिला फक्त कुलसचिवांचा ईमेल पत्ता हवा होता, कारण संपर्काच्या पानावर तोही चित्रात आहे. मी तो एकेक अक्षर वाचून सांगितला.