जावईबापू, रिजेक्ट!

परवा नेमबाजीच्या रेंजवरच्या ऑफिसरनं माझ्या हातात एक कूपन ठेवलं. पहिल्यांदाच पिस्तूल हातात घेणाऱ्यांसाठी शनिवारचा वर्ग, वीस टक्के सवलत. मी त्या रेंजचा वर्गणीदार सभासद आहे. दर महिन्याला माझ्या कार्डावरून पैसे कापले जातात, तेव्हा यांना मी नवशिका वाटत नाही. वर खांद्यावर हात ठेवून "इट्स ओके, बडी" म्हणाला. बायकोनं ते कूपन फ्रिजवर लावलंय, कचऱ्याच्या गाडीच्या वेळापत्रकाशेजारी.

याला दोन गोष्टी कारणीभूत आहेत. एक मॅगझिन आणि एक मामेसासरे.

मॅगझिनचं आधी उरकून टाकतो. माझ्याकडे .२२ चं एक साधं पिस्तूल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच दोन्हीकडचे भक्त अंगावर येतात. पिस्तुलाबद्दल तक्रार नाही. त्याच्या मूळ मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीत, दहा गोळ्या बसतात. भरताना अंगठा सोलवटून निघतो आणि झाडायला वीस सेकंदही लागत नाहीत. आम्ही राहतो टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. मॅगझिन किती गोळ्यांचं असावं याला इथं कायद्यानं काही मर्यादा नाही. तेव्हा एका भलत्याच कंपनीचं पंचवीसवालं मॅगझिन मागवलं आणि त्याचा फोटो न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावसभावाला पाठवला. हेतू शुद्ध जळवण्याचा होता, कारण तिथं २०१८ च्या कायद्यानं दहाच्या वर काही ठेवता येत नाही. पुढचा सगळा प्रकार ऐकल्यावर तो म्हणाला, "आमच्या सरकारनं आम्हाला वाचवलं बघ."

एक वस्तू मागवली की तिच्याबरोबर 'हेही घ्या' म्हणून चार येतात. कडक स्प्रिंग घेतली. नेम धरायला हिरव्या चमकत्या काडीची साइट घेतली, तिच्यातली काडी पहिल्याच दिवशी कुठंतरी पडली. मॅगझिन सोडायचं लांब बटण घेतलं. ते इतकं लांब, की अंगठा नुसता जवळ आला तरी मॅगझिन पायावर पडतं. १९४९ साली रूगरनं आपलं पहिलं .२२ पिस्तूल काढलं तेव्हा अख्ख्या पिस्तुलाची किंमत साडेसदतीस डॉलर होती. आज तेवढ्यात एक असलं मॅगझिन येतं, तेही न चालणारं.

आता मामा.

बायकोचे मामा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले. हा कारखाना १८६९ चा. तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असा शिक्का असतो, आणि मामांचं असं ठाम मत आहे की त्या शिक्क्याखाली जे जे गेलं ते स्वतः त्यांनी तपासून पाठवलं. आयुष्यभर इन्स्पेक्शन. घरात भाजी आली तरी एकेक भेंडी उजेडात धरून बघतात. इकडे आल्यापासून आमचा डिशवॉशर, माझी पार्किंगची पद्धत आणि शेजारच्याची हिरवळ त्यांच्या नजरेखालून गेली होती. म्हणून मीच म्हटलं, चला मामा, रेंजवर जाऊ.

पण मामा आलेत पर्यटक व्हिसावर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं अशा पाहुण्याला बंदूक बाळगता येत नाही आणि गोळीही नाही. गोळी उडाल्यावर उरलेली रिकामी पुंगळीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच. मामांना जमण्यासारखी एक सवलत होती, शिकारीचा परवाना काढला तर चालतं. मामा माळकरी. "पांडुरंगाला काय सांगू?" म्हणाले. तर असा हा प्रकार. ज्या माणसानं हयातभर काडतुसं तपासली, त्याला टेक्ससात एका पुंगळीला हात लावायची मुभा नाही. मला तर आत एक फॉर्म, एक सही आणि ड्रायव्हिंग लायसन्स, एवढंच लागतं. मामांनी ते मुकाट्यानं मान्य केलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पिवळ्या रेषेमागे उभे राहिले. एसी सोसत नाही म्हणून डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर इअरमफ.

हात बांधलेले होते. तोंडाला कायद्याची काही हरकत नव्हती.

"जावईबापू, हे प्लॅस्टिक आहे."

"पॉलिमर आहे, मामा."

"तेच ते. किती बसतात?"

"पंचवीस."

"आणि चालतात किती?"

इअरमफ घातलेल्या माणसाला आपण ओरडतोय हे कळत नाही. तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, उभी अडकली, धुराड्यासारखी, आणि मागून आवाज आला, "रिजेक्ट!" या शब्दासाठी रेंजवर कुणालाच दुभाषा लागला नाही. शेजारच्या लेनमधली दहा-बारा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली होती, तिनं पिस्तूल खाली ठेवून वळून बघितलं.

मी पुंगळी काढली, पुन्हा सुरू केलं. दोन गोळ्या गेल्या, तिसरीचं नाक वर जायचं सोडून खाली घुसलं. "रिजेक्ट!" तीही काढली. मग चाप ओढला तर नुसता 'टक' आवाज आला, गोळी उडालीच नाही.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. ज्यांनी दिवाळीत रिळाच्या टिकल्यांची बंदूक चालवलीय त्यांना रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून उडणारं काडतूस, लगेच कळेल. टिकलीतला मसाला जसा मधल्या ठिपक्यात, तसा या काडतुसाचा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं आणि अजूनही हेच तंत्र. मसाला कडेभर सारखा पसरला नसेल तर गोळी फुसकी निघते. अशा वेळी घाई करायची नसते. कधीकधी गोळी उशिरानं उडते, म्हणून पिस्तुलाची नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट गप उभं राहायचं. रेंजचा नियमच आहे.

तर मी नळी समोर धरून उभा. हलता येत नाही, वळता येत नाही, बोलणाऱ्याला थांबवता येत नाही. मामांना अशी संधी त्यांच्या सगळ्या नोकरीत मिळाली नसेल.

"थ्री नॉट थ्री बघितलीय का तुम्ही? तिच्या काडतुसालापण अशीच कड. मॅगझिनमध्ये किती? दहा! त्यापण पाच-पाचच्या पट्टीनं भरायच्या. दोन महायुद्धं झाली त्यावर, जावईबापू. तुमचं दहावर असं काय अडलंय?"

माझ्यासमोर पंधरा यार्डांवर कागदाची गोल वर्तुळं होती. माझं त्यांच्याशी तसं वैर नाही.

"कडवाल्या काडतुसाचं एक शास्त्र असतं. वरच्याची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली की वरचं सुटताना खालच्याला ओढणार. मग अडकणार नाही तर काय होणार? पंचवीस रचल्या तर पंचवीस ठिकाणी अडकायची सोय! ती आपली कोल्हापूरची राही सरनोबत, पालेम्बांगला २०१८ साली एशियाडचं गोल्ड घेतलं तिनं. पिस्तूल कुठलं? पंचवीस मीटरचं, हेच .२२ चं. एका वेळी भरतात किती? पाच! पाचात गोल्ड येतं, जावईबापू!"

अर्धा मिनिट फार मोठा असतो. मामांनी शब्दागणिक 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणून माझा मान ठेवला, हे मला मान्य आहे. एवढ्या मानानं आजवर कुणी माझी काढली नव्हती.

तेवढ्यात तो रेंज ऑफिसर आला. दाढी छातीपर्यंत, कमरेला चाव्यांचा जुडगा. मला विचारतो, "हे काय म्हणताहेत?"

"यांना तुमचा एसी आवडला," मी म्हटलं.

मामांना इंग्रजी कळतं हे मी विसरलो नव्हतो. ते बोलतील असं मात्र वाटलं नव्हतं. त्यांनी माकडटोपी मागे सारली आणि छाती काढून सांगितलं, "अॅम्युनिशन फॅक्टरी. गव्हर्नमेंट ऑफ इंडिया. इन्स्पेक्शन. थर्टी फोर इयर्स."

पुढच्या पाच मिनिटांत मामांना खुर्ची आली, कॉफी आली, रेंजची टोपी आली. ती माकडटोपीवरच बसवली. मी कॉफी मागितल्याचं आठवतं, तेव्हा मशीन बाहेर आहे असं उत्तर मिळालं होतं. ऑफिसर गुडघ्यांवर हात ठेवून मामांसमोर वाकला आणि विचारू लागला, या मॅगझिनचं तुम्हाला काय वाटतं, सर?

मामांना हात लावायचा नव्हता, म्हणून माझे हात कामाला लागले. पिस्तूल रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून टेबलावर ठेवलं. "काढा मॅगझिन. गोळ्या काढा सगळ्या. आता वरची पट्टी दाबा. अशी नाही, बोटानं मधोमध. बघा!" गोळ्यांना वर ढकलणारी प्लॅस्टिकची पट्टी सरळ खाली जायचं सोडून नाकावर कलंडत होती. सोडली की अर्ध्यात रुसून बसायची आणि मग टुणकन वर यायची. "आता तोंड उजेडात धरा." मॅगझिनच्या तोंडाशी दोन ओठ असतात, ते गोळी धरून ठेवतात. डाव्या ओठाच्या आतल्या अंगाला साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा एक पापुद्रा तसाच राहिला होता, नखानं लागेल एवढा. मी हे मॅगझिन आठवडाभर हाताळत होतो. मामांनी तो पापुद्रा दोन फुटांवरून, खुर्चीत बसून, कॉफी पीत पकडला.

ऑफिसरनं मान डोलावली. "रिमलॉक," तो म्हणाला, म्हणजे कडेत कड अडकणं. "हां, तेच," मामा म्हणाले. एक मराठीतून, एक टेक्ससी इंग्रजीतून, दोघांचं पूर्ण एकमत. इथं सगळं थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण मामांनी आपला डावा हात पुढे केला, मनगट सैल सोडून पाळण्यासारखं झुलवलं आणि माझ्याकडे हनुवटीनं खूण केली. "आणि हेपण." म्हणजे पिस्तूल अडकतं ते माझ्या सैल मनगटामुळेसुद्धा.

ऑफिसर खदखदून हसला. आणि ते कूपन आलं.

आता मला सांगा, मनगट सैल असतं तर मूळ मॅगझिन का अडकत नाही? तेच पिस्तूल, त्याच डब्यातल्या गोळ्या, तेच माझं बदनाम मनगट. दहावालं घातलं की सगळं सुतासारखं चालतं. पापुद्रा सगळ्यांनी पाहिला, कलंडणारी पट्टी सगळ्यांनी पाहिली, पण कूपन मिळालं मनगटाला. वस्तू बिघडली की दोष वापरणाऱ्याचा, ही या धंद्याची रीतच झालीय. मॅगझिनवाल्या कंपनीला लिहिलं तर म्हणाले, गोळ्या बदलून बघा, आमचं मॅगझिन वेगवान गोळ्यांवर चांगलं चालतं. वेगवान गोळ्या आणल्या. मग म्हणाले, स्प्रिंग तुम्ही दुसऱ्या कंपनीची बसवलीत ना? ती काढा. काढली. मग म्हणाले, नवं मॅगझिन आहे, रुळायला वेळ द्या, काहीशे गोळ्या झाडा म्हणजे आपोआप सुटसुटीत होईल.

काहीशे गोळ्या! .२२ म्हणजे चिल्लर असा सगळ्यांचा समज आहे. पण चिल्लरही शेवटी खिशातूनच जाते. २०१३ च्या सुमारास तर इथं .२२ च्या गोळ्या बाजारातून गायब झाल्या होत्या, दुकानात माणशी एखादाच डबा मिळायचा. माल तपासायचं काम कारखान्याचं. ते काम कारखान्यानं सोडलंय आणि गिऱ्हाइकावर टाकलंय. वर त्याच्यासाठी गोळ्या गिऱ्हाइकानंच विकत आणायच्या, आपल्या सुट्टीच्या दिवशी झाडायच्या, आणि अडकलं तर मनगट दाखवायचं. खडकीला म्हणे लॉटमधून नमुने काढून झाडून बघितल्याशिवाय माल पुढे जात नसे. इथं अख्खा लॉटच नमुना आहे आणि झाडून बघणारे आपण.

शेवटी त्यांनी व्हिडिओ मागितला. बायकोनं रेंजवर उभं राहून काढला. तिन्ही वेळा अडकलेलं स्वच्छ दिसतंय, आणि पार्श्वभूमीला अखंड मामा. राही सरनोबत येऊन जाते, थ्री नॉट थ्री येते, पांडुरंगही एकदा येतो, आणि दर अडकण्याला 'रिजेक्ट' आहेच. कंपनीचं उत्तर आलं की आमच्याकडे हा दोष आढळून आला नाही. उघडलेलं पाकीट परत घेता येत नाही, पण सदिच्छा म्हणून आमच्या तीस गोळ्यांच्या मॅगझिनवर पंधरा टक्के सवलत देत आहोत. खाली सही, क्वालिटी टीम.

मी ते मामांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल उजेडात धरला आणि सही दोनदा बघितली.

"क्वालिटी टीम म्हणजे माणसं किती आहेत, विचारा बरं. आणि एखादी जागा रिकामी असेल तर तेही विचारा. व्हिसाचं त्यांनी बघावं."