खपली उपटून कांदा चोळा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तालमीच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून पाहुण्यांच्या ग्रुपवर, असा एक मेसेज सध्या कोल्हापुरात फिरतोय. काल तो आमच्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्या हेअर ट्रान्सप्लांटला पाच दिवस झालेत. मेसेज वाचून तो आरशापुढे नख लावायच्या बेतात होता, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचा ऐवज थोडक्यात असा. एक, पंधरा दिवस डोक्याला पाण्याचा थेंब लावू नका, मुळं वाहून जातात. दोन, खपल्या धरल्या की नखानं काढा आणि वर कांद्याचा रस, हळद, लिंबू चोळा, नाहीतर केस आतच कुजतो. तीन, कपाळ आणि डोळे सुजले म्हणजे भुलेचं पाणी मेंदूत उतरलं. चार, मटण-अंडी बंद, पू होतो. पाच, तिसऱ्या आठवड्यात केस गळले म्हणजे डॉक्टरनं फसवलं, पैसे परत मागा. शेवटी अर्थातच ‘नाद खुळा उपाय, दहा जणांना पाठवा’.

आधी दुसरा मुद्दा घेतो. बाकीच्या चारांनी माणूस घाबरेल, फार तर पैशावरून भांडेल. या एकानं ऑपरेशन वाया जाईल.

ट्रान्सप्लांटमध्ये होतं काय? डोक्याच्या मागच्या भागातून साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक पंचनं, म्हणजे गोल कापणाऱ्या पोकळ हत्यारानं, एकेक ग्राफ्ट काढतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस आणि त्यांची मुळं असतात. पुढच्या टकलावर बारीक चिरा पाडून ते ग्राफ्ट त्यात बसवतात. टाका नाही, डिंक नाही. पहिले काही दिवस त्या ग्राफ्टला धरून ठेवतं ते फक्त चिरेत गोठलेलं रक्त. तेच वर येऊन वाळतं आणि त्याची खपली होते. म्हणजे खपली, केस आणि आतला ग्राफ्ट ही सुरुवातीला एकच वस्तू असते. वरून उपटलं की आतलं हातात येतं.

ग्राफ्ट किती दिवसांत पक्का होतो, हे अमेरिकेतल्या बर्नस्टीन आणि रासमन या दोन हेअर ट्रान्सप्लांट सर्जननी मुद्दाम ओढून पाहिलंय. त्यांचा लेख २००६ साली ‘डर्मॅटॉलॉजिक सर्जरी’ या नियतकालिकात आला. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट हमखास निघत होता. सहाव्या दिवसानंतर नुसता केस ओढून तो निघेना, पण चिकटलेली खपली ओढली तर धोका आठव्या दिवसापर्यंत होताच. नवव्या दिवशी धोका संपला. यात मेसेज बसवून बघा. खपल्या ‘धरतात’ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे नख लावायचा सल्ला नेमका सगळ्यात नाजूक दिवसांसाठी आहे!

खपली काढायचीच असते, फक्त भिजवून आणि वेळेवर. आठव्या-नवव्या दिवसापासून धुण्याआधी दहा-पंधरा मिनिटं सलाइनचा फवारा किंवा शाम्पूचा फेस तसाच ठेवायचा. मग बोटाच्या पेरानं, नख वर ठेवून, चहाच्या कपाची कड पुसावी इतक्याच जोरानं गोल फिरवायचं. आज सुटली नाही तर उद्या. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत टाळू बहुतेक साफ होते. काही डॉक्टर दहाव्या दिवसानंतर खपल्या मऊ करायला थोडं खोबरेल चालेल म्हणतात. तुमच्या डॉक्टरनं सांगितलं असेल तर लावा, त्याआधी नाही. उलट तीन आठवडे खपल्या तशाच ठेवणाराही चुकतो, कारण खाली घाण आणि पुळ्या धरतात.

आता कांदा. इथं नाइलाजानं अर्धा गुण द्यावा लागतो. कांद्याच्या रसावर २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास खरोखर आलाय, आणि त्यात केस आले होते. पण तो होता चाईवर, म्हणजे डोक्यावर गोल चट्टे पडतात त्या आजारावर. तिथं कातडी शाबूत असते. इथं तुमच्या डोक्यावर हजार-दोन हजार ताज्या चिरा आहेत. त्यावर कांदा आणि लिंबू चोळणं म्हणजे खरचटलेल्या गुडघ्यावर लिंबू पिळणं. आग होईल, कातडी लाल होऊन सोलेल, आणि माणूस झोपेत खाजवेल ते वेगळंच. हळदीची पूड चिरांत जाऊन बसते आणि टाळू इतकी पिवळी करते की खालचा लालसरपणा वाढतोय की उतरतोय, हे डॉक्टरलाही दिसत नाही.

पाण्याचा मुद्दा दोन-तीन दिवसांपुरता खरा आहे. पहिले ४८ तास तरी बहुतेक ठिकाणी डोकं धुवायला देत नाहीत, काही ठिकाणी पहिली धुलाई क्लिनिकमध्येच करतात. पण त्या काळातही सलाइनचा फवारा सुरूच असतो, जागेपणी अर्ध्या-एक तासानं, जेणेकरून खपली कडक होऊ नये. मग धुणं सुरू. वाटीभर कोमट पाण्यात बेबी शाम्पू किंवा डॉक्टरनं दिलेला शाम्पू फेसायचा, तो फेस तळहातानं नुसता टेकवायचा, चोळायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं आणि तांब्यानं बारीक धार सोडायची. शॉवरचा फोर्स दोन आठवडे नको. वर पंचाही घासायचा नाही, आपोआप वाळू द्यायचं. मागचा भाग, जिथून ग्राफ्ट काढले, तो मात्र नीट धुवायचा. तिकडं सगळे विसरतात आणि मग तिथंच पू होतो.

मेंदूत पाणी! भूल देताना सलाइन आणि औषध टोचतात ते टाळूच्या कातडीखाली. त्याच्या खाली कवटी आहे. देवानं ती उगाच दिलेली नाही. ते पाणी मेंदूकडं जाऊ शकत नाही, वजनानं खाली उतरतं. म्हणून दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आधी कपाळ, मग भुवया, मग पापण्या सुजतात. कुणाकुणाचे डोळे अर्धे मिटतात. दिसायला भयंकर, पण आठवड्यात उतरतं. पहिल्या चार-पाच रात्री दोन-तीन उशा घेऊन उताणं, अर्धवट बसतं झोपायचं. बर्फ कापडात गुंडाळून भुवयांच्या वर ठेवायचा, ग्राफ्टवर नाही. डॉक्टरनं कपाळाची पट्टी दिली असेल तर ती बांधायची. कुणाकुणाला एक-दोन दिवस उचकी लागते, तीही अशा ऑपरेशननंतर माहीत असलेली गोष्ट आहे. टाळू बधिर वाटणं तर काही आठवडे, कधी काही महिने चालतं.

घाबरायचं कशाला, ते मेसेजमध्ये नाहीच. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, पू वाहायला लागला, किंवा ग्राफ्ट लावलेल्या जागी कातडी आधी जांभळी आणि मग काळी पडत चालली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडं जायचं. कातडी काळी पडणं म्हणजे तिथं रक्त पोचत नाही, तिथं तास मोजले जातात.

मटण-अंडी बंद करण्यात काही अर्थ नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. पांढरा रस्सा वाटीनं घ्या, तांबडा घाम फुटेस्तोवर नको आणि सूज असेपर्यंत मीठ थोडं हात राखून, एवढंच. गंमत अशी की मेसेजवाल्याला मटण दिसलं, तंबाखू-सुपारीचा मावा दिसला नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या ग्राफ्टला नेमकं त्याच वाहिन्यांतून रक्त मिळायचं असतं. मावा, सिगारेट, तंबाखू निदान दोन आठवडे बंद, महिना झाला तर उत्तम. दारू पहिला आठवडा नाही. मनानं ॲस्पिरिनही नाही.

राहिला पाचवा. केस गळतात हे खरं. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात, कधी त्यांच्या शेजारचे जुनेही. उपटून, थोडा वेळ रक्ताशिवाय राहून, पुन्हा लावलं जाण्याच्या धक्क्यानं मूळ विश्रांतीत जातं आणि वरची काडी सोडून देतं. मूळ आतच असतं. गळालेला केस उशीवरून उचलून उजेडात धरा. टोकाला मोहरीहून लहान, पांढरट, कोरडी गाठ दिसेल. ते मूळ नव्हे. ग्राफ्ट निघाला तर तो सहसा पहिल्याच आठवड्यात निघतो, सोबत मांसाचा ओलसर तुकडा असतो आणि त्या जागी रक्त येतं. रक्त नाही, तर ग्राफ्ट गेलेला नाही. मग दोन-तीन महिने डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षाही भकास दिसतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे केस फुटतात, सोबत थोड्या पुळ्याही येतात. खरा हिशेब बाराव्या महिन्याला करायचा, भोवऱ्याच्या जागी त्याहूनही उशिरा.

फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टर फक्त बोर्डावर आणि चिरा पाडणारा भलताच, अशी दुकानं आहेत. डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनला २०२२ मध्ये सांगावं लागलं की हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचं आणि यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पण ते विचारायचं आधी, ॲडव्हान्स देण्यापूर्वी. तिसऱ्या आठवड्यातली गळती त्याचा पुरावा होत नाही.

कोल्हापुरात याहून कामाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. दहा-बारा दिवस मोटरसायकल घरी ठेवा. हेल्मेट घालताना पुढची कडच ग्राफ्टवरून घासते, आणि बिनहेल्मेट जाणं हा त्यावर उपाय नव्हे. केएमटीची बस आहे, रिक्षा आहे. शर्ट बटणांचा घाला, डोक्यातून काढायचा टी-शर्ट नको. तालमीत निदान महिनाभर नाही. हळद-ताक घातलेली तांबडी माती कितीही गुणाची असली तरी मुंडी दाबल्यावर ती चिरांत रगडली जाते. पंचगंगेत पोहणंही तेवढेच दिवस बंद. लग्नसराईत फेटा बांधायचा आग्रह होईल, पहिला महिना सरळ नाही म्हणा. आणि जोतिबाला जाणार असाल तर गुलाल गालाला लावून घ्या, डोक्यावर उधळणाऱ्यापासून चार हात लांब.