डिपर मारला की दार उघडतं

गॅरेजच्या दाराचा रिमोट बनवणाऱ्यांनी आयुष्यात दुचाकी पाहिलेली नसावी. रिमोटच्या पाठीला क्लिप देतात, ती कारच्या सनव्हायझरला अडकवायला. मोटरसायकलवाल्याने ती काय नाकाला लावायची? भर पावसात उतारावर गाडी तोलत एक पाय टेकायचा, हातमोजा दातांनी ओढायचा, रेनकोट वर करून पँटच्या खिशात हात घालायचा, की कळणार रिमोट दुसऱ्या खिशात आहे. तोवर कारवाला घरात जाऊन पाय पसरून बसलेला असतो. रेनकोट आपण घालायचे आणि सोयी त्यांना!

म्हणून रिमोट गाडीलाच जोडायला घेतला. रिमोटला लागतात ३ व्होल्ट; गाडीची बॅटरी १२ ची, इंजिन चालू असलं की १४ च्या आसपास. मध्ये व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट टाकायचं. रिमोटचं बटण सोल्डर करून कायमचं दाबलेलं ठेवायचं, सेल काढायचा आणि वीज डिपरच्या, म्हणजे हेडलाइट क्षणभर चमकवायच्या बटणावरून घ्यायची. हे बटण अप्परच्या, म्हणजे लांब झोताच्या वायरपासून वेगळं काढावं लागलं, नाहीतर रात्री अप्पर लावला की रिमोट अखंड बोंबलत राहणार.

शेजारचे काका टॉर्च घेऊन आले. उजेड सगळा त्यांच्या स्वतःच्या चपलांवर.

"म्हणजे डिपर मारला की दार उघडणार?"

"हो."

"मग रस्त्यात समोरच्याला मारलास तर त्याचं दार उघडेल?"

"नाही काका. तो दार बरोबर घेऊन फिरत नाही."

"आपल्याच गल्लीत मारलास तर?"

केसाएवढी वायर चिमट्यातून तिसरीकडेच निसटली. म्हटलं, "माझा रिमोट फक्त माझंच दार ओळखतं. शिवाय दर वेळी नवा कोड जातो."

"दर वेळी नवा? मग दाराला कळतं कसं?"

"दोघांचं गणित आधीच ठरलेलं असतं. पुढे काय येणार ते दाराला ठाऊक असतं."

काका गप्प झाले. वाटलं, सुटलो.

"आणि असे नवे नवे कोड निघता निघता एखादा आमच्या दाराचा निघाला तर?"

मी सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"त्यापेक्षा हॉर्नला जोड," काका म्हणाले. "निदान तू दार उघडतोयस ते आम्हाला ऐकू तरी येईल."

आपण पाना घेऊन उकिडवे बसलो की लोकांना शंका फुटतात. वायर धरायला मात्र कुणाचा हात मोकळा नसतो.

जोडलेलं झकास चालतं. डिपर मारतो, दार उघडतं, आत जातो. पण आज सकाळी काकांचं दार अर्धं खाली येऊन परत वर गेलं आणि काका तडक माझ्याकडे. मी जाऊन पाहिलं. घोट्याएवढ्या उंचीवर सेन्सर, त्याच्या बरोबर समोर बादली. काही आडवं आलं की दार खाली येत नाही, परत वर जातं, हे मी नीट सांगितलं.

"ते नंतर बघू. आधी तुझी वायर काढ."

गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात. तरी काढायला लावली! मी सीटखाली हात घालून वायर सोडवत होतो, तेवढ्यात काकू फरशी पुसायला बादली उचलून घेऊन गेल्या. काकांनी बटण दाबलं. दार निमूट खाली आलं.

"बघ!" काका सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"