तोतरेपणा आणि नर्सिंगचा इंटरव्ह्यू : तो फॉरवर्ड मुलींना पाठवणं बंद करा

"तोतरं बोलणाऱ्या मुलींनी नर्सिंगचा इंटरव्ह्यू कसा काढावा, खात्रीशीर उपाय" असा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या भाचीलाही तो आला, ती बीएससी नर्सिंग करून नोकरी शोधतेय आणि लहानपणापासून बोलताना अडखळते. मला फोन करून विचारते, "मावशी, अक्कलकाढा आणू का गं?" मी वॉर्ड इनचार्ज आहे, नव्या सिस्टर्सच्या इंटरव्ह्यूला पॅनलवर बसते, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आधी तो अक्कलकाढाच, ती औषधी वनस्पती. मेसेज म्हणतो, आत जाण्याआधी तुकडा जिभेखाली ठेवा, जीभ मोकळी होईल. अहो, अक्कलकाढ्याने जीभ चुणचुणते, बधिर होते आणि तोंडाला लाळ सुटते, असं तोंड घेऊन पोरगी पॅनलसमोर बसणार? अडखळण्याचं मूळ जिभेत नसतंच. मेंदू बोलण्याचं जे टायमिंग जुळवतो तिथला तो फरक असतो, बऱ्याच घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. मोठ्या माणसांत साधारण शंभरातल्या एकाला असतो. मेसेजमधलं वेखंड, तोंडात गारगोट्या ठेवून बोलणं, सगळ्याला हेच उत्तर.

पण माझं खरं डोकं फिरलं ते पुढच्या उपायाने. "जो शब्द अडतो तो टाळा, त्याच्या जागी दुसरा सोपा शब्द वापरा, कुणाला कळणार नाही." गप्पा मारताना चालेल हो, अडखळणारी बरीच माणसं आयुष्यभर हेच करतात. पण हॉस्पिटलमध्ये? आयसीयूत डोपामिन आणि डोब्युटामिन दोन्ही औषधं असतात, नावं कानाला सारखी, काम वेगळं. सिस्टर "डो-डो-डोब्युटामिन" म्हणाली तर दोन सेकंद जास्त गेले, बास. पण अडतंय म्हणून तिने "ते प्रेशरचं इंजेक्शन" म्हणून वेळ मारून नेली तर समोरची काय भरेल सिरिंज पंपात? ही सवय इंटरव्ह्यूसाठी लावायची आणि मग तीच घेऊन ड्यूटीवर जायचं. मी पॅनलवर असताना एखादी मुलगी औषधाचं नाव चारदा अडखळून बरोबर सांगते तेव्हा मला तिची काळजी वाटत नाही, जी घडाघडा बोलते पण नाव आणि डोस गोलमाल करते तिची वाटते.

आणि याला आधार माझ्या मताचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली पेशंटच्या सुरक्षेसाठी जे उपाय सुचवले त्यात ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला सांगताना, ठरलेल्या साच्यात बोला असं स्पष्ट सांगितलंय, त्यासाठी एस-बार पद्धत सुचवलीय. म्हणजे आधी आत्ता काय झालंय, मग पेशंटची पार्श्वभूमी, मग आपल्याला काय दिसतंय, मग काय करायला हवं. शिवाय ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. यात भरभर बोला असं कुठेही नाही, नेमकं आणि पूर्ण बोला असं आहे. इंटरव्ह्यूत "पेशंटचं बीपी अचानक पडलं तर काय कराल" विचारलं की याच क्रमाने उत्तर द्या, अडखळत का होईना. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं असलं की निम्मा ताण तिथेच जातो.

"इमर्जन्सीत शब्द फुटला नाही तर पेशंट जाईल, म्हणून अशा मुलींनी ओपीडीच मागावी" हे तर मुलींना घाबरवणं झालं. पेशंट कोसळला की सिस्टर आधी हात लावते, मदतीला हाक मारते, कोड ब्लूसाठी, म्हणजे तातडीची टीम बोलवायला, बटण किंवा ठरलेला नंबर असतो, आणि ती एकटी नसते. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, मिनिटाला १०० ते १२० च्या ठेक्यात मोजत द्यायचा असतो आणि ठेक्यात बोलताना बहुतेकांचं अडखळणं खूप कमी होतं, हे स्पीच थेरपिस्ट कुणीही सांगेल.

सरकारी नोकरीत इंटरव्ह्यूतच कापतात, हेही अर्धवट. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांचे इंटरव्ह्यूच बंद केलेत, एम्सची नर्सिंग ऑफिसरची भरती कॉम्प्युटरवरच्या परीक्षेने होते. खाजगीत मात्र इंटरव्ह्यू असतोच आणि काही ठिकाणी तोंडावर नाही म्हणतात, हे मी नाकारत नाही.

"शेवटपर्यंत लपवा." कसं लपवणार? पहिलाच प्रश्न नाव सांगा, आणि आपलं नाव बदलता येत नाही म्हणून तिथेच सगळ्यात जास्त अडतं. त्यापेक्षा बसल्या बसल्या सांगून टाका, "मी बोलताना अडखळते, मला वाक्य पूर्ण करू द्या." सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण पॅनलवरची माणसं त्यानंतर निवांत होतात हे मी पाहिलंय.

सराव करा, एवढं त्या मेसेजमधलं खरं, मान्य. पण आरशासमोर नको, एकटं असताना बहुतेकांना अडखळायला होतच नाही, मग सराव कशाचा? माणसासमोर करा, फोनवर करा, मध्येच तोडणाऱ्या माणसासमोर करा. मुंबईत वांद्र्याला अलि यावर जंग संस्थेत स्पीच थेरपी मिळते, तिथे दाखवा. भाचीला मी सांगितलंय, रविवारी माझ्याकडे ये, माझ्या वॉर्डातल्या सिस्टर्स तुझा इंटरव्ह्यू घेतील, आणि अक्कलकाढा आणू नकोस.