मंडालेला आत्ता नको

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर परवा भाऊकाकांनी विचारलं, दिवाळीनंतर सगळ्यांनी म्यानमारमधल्या मंडालेला जायचं का? लोकमान्यांना जिथे ठेवलं होतं ती जागा बघायला. अर्ध्या तासात अकरा घरांनी होकार कळवला. मी नाही म्हटलं आणि काकांना ते लागलं, म्हणून नीट लिहिते.

काकांकडची 'गीतारहस्या'ची प्रत मी लहानपणापासून बघतेय. खाकी कव्हर, समासात त्यांच्या वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा. लोकमान्यांनीही तो ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनेच लिहिला. 'केसरी'तल्या लेखांबद्दल 1908 साली राजद्रोहाची शिक्षा, सहा वर्षं. 1912 मध्ये सत्यभामाबाई गेल्या तेव्हाही ते तिकडेच होते. तिथे जाऊन डोकं टेकावंसं वाटणं मला पुरेपूर कळतं.

पण आज तिथे काय चाललंय? 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच महिन्यात दंडसंहितेत 505 अ कलम घुसवलं. सत्तेला खुपेल असं लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत आत. कितीतरी पत्रकार त्यात अडकले. मंडालेच्या किल्ल्यात आजही लष्कराचा तळ आहे. त्याभोवतीचा खंदक 1996 च्या पर्यटन वर्षासाठी कैद्यांना आणि गावातल्या लोकांना वेठीला धरून उपसून घेतला होता. तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची तेव्हा जगाला सांगत होत्या, आत्ता येऊ नका. 2010 मध्ये त्यांच्या पक्षाने भूमिका सैल केली, एकटेदुकटे या, मोठे ग्रुप नकोत. 2021 मध्ये सू चींना पुन्हा कैद झाली.

काका म्हणतात, आपण नाही गेलो तर तिथल्या टांगेवाल्याचं पोट मारलं जातं. हे खोटं नाही, आणि मला याचं वाईटच वाटतं. पण तीस जणांची टूर टांगेवाल्याला किती देणार? व्हिसा आणि परदेशी माणसाचं प्रवेशतिकीट यांचे पैसे सरळ सरकारकडे जातात. लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या माणसाला वंदन करायचं, आणि त्यासाठी आज लिहिणाऱ्यांना कोंडणाऱ्यांच्या हातात पैसे ठेवायचे? माझ्याच्याने होणार नाही.

हुकूमशाही म्हटली की जायचंच नाही, असं माझं मत नाही. व्हिएतनामला मी गेले होते. हनोईत फ्रेंचांनी बांधलेला होआ लो तुरुंग आता संग्रहालय आहे. गाइड मुलगा फ्रेंचांच्या छळाबद्दल भरभरून बोलत होता. मी विचारलं, आणि आता सरकारविरुद्ध लिहिणारे कुठे असतात? त्याने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग हातातली छत्री उघडली, मिटली, आणि जेवायला कुठे थांबायचं ते सांगू लागला. मी चार दिवसांनी इंदूरला परतले. तो तिथेच आहे. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

भाऊकाका, यंदा रत्नागिरीला जाऊ. लोकमान्यांचं जन्मस्थान तिथे आहे, आणि थिबा पॅलेसही. इंग्रजांनी मंडालेच्या राजाला आणून तिथे ठेवलं, 1916 मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेत कैदेत होते, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता. तिकिटं मी काढते. काकूंना खालचा बर्थ लागेल ना, तेवढं कळवा.